पाठमोरा बाजार

१९९१ सालच्या दिवाळीनंतर पुंडलिक बिऱ्हाडे भडगावच्या आठवडे बाजारात गेले नाहीत. पारोळा, नशिराबाद आणि धुळ्याच्या बाजारांत ते त्यानंतरही नियमित दिसत. गळ्यात कॅमेरा, खांद्याला फोटोंची पिशवी. भडगाव तेवढं त्यांनी सोडलं. भडगावला त्यांची एकुलती एक मुलगी सुमन सासरी नांदत होती.

मी त्या काळात जळगावच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. पुंडलिकभाऊंची ओळख त्याआधीची, कार्यालयाच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता तेव्हाची. ते कोर्टाच्या कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली लाकडी पेटीचा कॅमेरा लावून बसत. तीन पायांवर उभी पेटी, पुढे भिंग, मागे काच आणि डोक्यावर घ्यायचं काळं कापड, बाजूला काळ्या कापडाची बाही. बाहीतून हात आत घालून ते पेटीतच कागद धूत आणि ओला फोटो बाहेर काढत. आधी उलट्या रंगाचा निघे, काळ्या तोंडाचा आणि पांढऱ्या केसांचा. तो समोरच्या फळीवर लावून त्याचा पुन्हा फोटो काढला की माणूस माणसासारखा दिसे. जामीनदार, पेन्शनवाले, परवान्यासाठी आलेले ड्रायव्हर हे त्यांचं गिऱ्हाईक.

झाडाला ठोकलेल्या खिळ्यावर एक काळा कोट असे. तो मागून उभा फाडलेला होता आणि फाडलेल्या कडांना नाड्या लावलेल्या होत्या. बारीक माणूस आला की नाड्या ओढून बांधायच्या, जाड आला की सैल सोडायच्या. पुढून सगळे साहेब दिसत. कोट घातलेल्या माणसाला ते दोनच गोष्टी सांगत. "हलू नका" ही एक. दुसरी, "दम धरा, जीव नका धरू." 'हसा' असं त्यांनी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

उंच, सडपातळ, पिशवीमुळे एक खांदा कायम उतरलेला. बोटांची टोकं फोटोच्या औषधानं तपकिरी झालेली. बोलता बोलता ते समोरच्याला दंडाला धरून हलकेच बाजूला सरकवत. "जरा इकडे सरका, तुमचं अर्धं तोंड उन्हात शे." कॅमेरा जवळ असो नसो, हे चाले. चहाच्या टपरीवर, कोर्टाच्या पायरीवर, एकदा तर अंत्ययात्रेतही मी त्यांना सूर्य पाठीशी घेऊन उभं राहिलेलं पाहिलं.

त्यांचं मूळ गाव नशिराबाद. वडील शेतमजूर. ते स्वतः तरुणपणी केळीच्या वखारीत हमाली करत. कोर्टासमोर आधी बसणारा फोटोवाला सुरतेला निघाला, तेव्हा त्याची पेटी यांनी विकत घेतली. त्यानं जाताना औषधं कशी मिसळायची ते दाखवलं आणि गाडी पकडली. बाकीचं पुंडलिकभाऊ फोटो बिघडवून शिकले. उन्हाळ्यात फोटो एकजात काळे यायला लागले. लोक भांडून जात. औषध वाईट मिळालं असं समजून त्यांनी दुकान बदललं, तरी काळेच. मग एका सकाळी, ऊन चढायच्या आत काढलेला फोटो स्वच्छ आला, तेव्हा त्यांना कळलं की जळगावच्या उन्हात पेटीतलं औषध तापतं आणि आपला वेग वाढवतं. त्यानंतर मे महिन्यात त्यांची पेटी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असे आणि पाणी माठातलं. "पेटीलेबी तहान लागते," ते गिऱ्हाइकाला सांगत.

सुमन शाळेत असतानाच त्यांची बायको वारली. नातेवाईक दुसऱ्या लग्नाचं बोलत. ते सगळं ऐकून घेत आणि मग पाणी आणायला उठत. घागर भरलेली असली तरी उठत.

पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवलेला होता. तो वाया गेलेला फोटो होता. एका म्हाताऱ्याला पेन्शनसाठी फोटो हवा होता. पुंडलिकभाऊंनी भिंगावरचं टोपण काढलं आणि त्याच क्षणी म्हाताऱ्याची बायको पुढे झाली, नवऱ्याच्या कोटाची कॉलर नीट करायला. म्हातारा सांगितल्याप्रमाणे हलला नाही, म्हणून तो स्पष्ट आला. बायको धूसर, नुसती पांढुरकी सावली. फक्त कॉलरपाशी थांबलेला तिचा हात तेवढा स्वच्छ, बांगड्यांसकट. पुंडलिकभाऊंनी त्यांना दुसरा फोटो काढून दिला. हा ठेवून घेतला.

"बघा," ते मला म्हणाले होते, "माणूस फोटोसाठी बसला की संपलं. ह्या बाईला कुठं माहीत होतं फोटो चाललाय म्हणून?"

तिथून त्यांचं चित्त कोटावरून उडालं. माणूस कोट चढवण्याआधी कसा दिसतो, टोपी सारखी करताना, खिशातून कागद शोधताना, ते बघत बसायचे. गिऱ्हाईक म्हणे, "भाऊ, काढता का नुसतं बघता?" पेटीनं असा फोटो निघणं अवघड होतं. पेटीला थांबलेला माणूस लागतो.

धुळ्यातल्या एका स्टुडिओनं रंगीत काम सुरू केलं आणि जुना छोटा कॅमेरा विकायला काढला. एका कोपऱ्यात चेपलेला, पण चालू. पुंडलिकभाऊ तो घ्यायला गेले तेव्हा स्टुडिओचा मालक हसला.

"बिऱ्हाडे, ह्याच्यात तुमचा कोट मावणार नाही."

"कोट ठेवूनच येतोय, शेठ," ते म्हणाले.

पहिले काही रोल फुकट गेले. त्याचं कारण त्यांनी मला सांगितलं होतं. पेटीच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. इतकी वर्षं त्यांनी लोक उलटेच बघितले होते आणि त्याच सवयीनं उजेड जोखला होता. नव्या कॅमेऱ्यात लोक सरळ दिसायला लागले आणि ते गोंधळले. तोंडं, कपडे, जातपात, ओळखीचा की परका, सगळं एकदम पुढे येई आणि उजेड हरवे. यावर त्यांनी उपाय केला. धुतलेला फोटो ते आधी उलटा धरून बघत. आमच्या दैनिकातले फोटोसुद्धा टपरीवर पेपर उलटा करून बघत आणि चहावाला म्हणे, "भाऊ, वाचता येत नसंल तर मी वाचून दाखवू का?"

"उलटा धरला की नाव-गाव जातं," ते म्हणत. "उजेड तेवढा राहतो."

आठवड्यातले काही दिवस कोर्टापाशी पेटी, बाकीचे दिवस बाजार, अशी त्यांची वाटणी झाली. पेटीवर पोट चाले. बाजारातल्या फोटोंचं कुणी काही देत नसे, ते मागतही नसत. पण त्यांचा एक रिवाज होता आणि तो त्यांनी कसोशीनं पाळला. ज्याचा फोटो काढला त्याला तो पुढच्या बाजाराला नेऊन द्यायचा. देऊन होईपर्यंत तो फोटो त्यांच्या लेखी पुरा होत नसे. माणूस सापडला नाही तर ते आजूबाजूच्या दुकानदारांना फोटो दाखवत विचारत फिरायचे. "हे कोण? कुठे बसतात?" बाजार ओळखी सांगण्यात तत्पर असतो. बहुतेक वेळा माणूस सापडे.

सापडलेला माणूस मात्र खूश होईच असं नाही. आमच्याकडे फोटोची कामं ठरलेली होती. अर्जाला लावायचा, मुलीचा असेल तर स्थळाकडे पाठवायचा, आणि माणूस गेला की हार घालायचा. न मागता, फुकट, स्वतःचा फोटो हातात आला की लोक दचकत. पारोळ्याच्या बाजारात मिरच्या विकणारी एक म्हातारी होती. तिला त्यांनी मिरच्यांच्या ढिगामागे, डोक्यावरचा पदर दातात धरून गाठोडं सोडताना टिपलं होतं. पुढच्या बाजाराला ते फोटो घेऊन गेले, त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो.

"अक्का, हे घ्या. तुमचा."

"मी कव्हय सांगं तुले फोटू काढाले?" म्हातारीनं हात पुढे केला नाही. "कितला पैसा?"

"पैसा नाही."

"फुकट काबर दी ऱ्हायना? मना मरानी वाट दखी ऱ्हायना का?"

आपल्या मरणाची वाट बघतो का, हा तिचा प्रश्न ऐकून शेजारचा लसूणवाला हसायला लागला. पुंडलिकभाऊंनी फोटो मिरच्यांवर ठेवला आणि बाजूला झाले. म्हातारीनं तो उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"ही तर मनी माय शे," ती म्हणाली. "तुले कोठे भेटनी?"

"अक्का, त्या तुम्हीच."

"मी अशी कोठे शे? ही मनी मायच शे. तिले मरीसन कितलाक वरीस व्हयनात." मग तिनं फोटो पदराच्या आत, चोळीत ठेवला आणि गिऱ्हाइकाला मिरच्या जोखायला घेतल्या. तिनं आपल्याला शेवटचं आरशात कधी पाहिलं असेल, हे पुंडलिकभाऊंनी परतीच्या गाडीत मला विचारलं.

सुमनचं लग्न भडगावला झालं. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. सारी वस्ती त्यांना गुरुजी म्हणे. बोलायला मोजके, शब्दाला पक्के. वस्तीतल्या अनेक सोयरिकी त्यांच्या मध्यस्थीनं जुळलेल्या होत्या. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली गुरुजींची खुर्ची. सुरुवातीला पुंडलिकभाऊ भडगावच्या बाजाराला जात आणि दुपारी लेकीकडे जेवत. गुरुजी त्यांचे फोटो बघत, सरळ धरून, आणि म्हणत, "व्याही, हात चांगला आहे तुमचा." एवढी स्तुती गुरुजींकडून कुणाला मिळत नसे, असं सुमन सांगायची.

१९९१ मध्ये, दिवाळीच्या आधीच्या बाजारात, त्यांनी बांगड्यांच्या दुकानापाशी एका मुलीचा फोटो काढला. कासार तिच्या हातात बांगडी चढवत होता, दुखत होतं, आणि ती दुखण्यावर हसत होती. फोटो उत्तम आला होता. मी तो पाहिला आहे.

पुढच्या बाजाराला मुलगी आली नाही. पुंडलिकभाऊंनी नेहमीसारखी चौकशी सुरू केली. कासाराला दाखवला, शिंप्याला दाखवला, उसाच्या रसाच्या गाड्यावर दाखवला. तिथल्या बाकावर बसलेल्यांनी तो हातोहात फिरवला. पारोळ्याला ते वर्षानुवर्षं हेच करत आले होते. यात काही चुकतंय असं त्यांच्या मनात आलं नाही.

मुलगी गुरुजींच्याच गल्लीतली निघाली. तिचं लग्न चाळीसगावकडच्या एका घरात ठरत आलं होतं आणि मध्यस्थ गुरुजीच होते. रसाच्या गाड्यावर त्या दिवशी मुलाचा मामा बसलेला होता. उपवर मुलीचा फोटो आमच्याकडे पाकिटातून, एका वडीलधाऱ्याच्या हातून, एका घरी जातो. तो बाजारात हातोहात फिरतो म्हणजे एकतर तो दहा घरांना दाखवून झाला आहे, नाहीतर कुणीतरी वाईट हेतूनं फिरवत आहे. तिसरा अर्थ कुणाला सुचत नाही. मामानं दोन्ही अर्थ घरी नेले. मुलाकडचा निरोप आला: येत नाही.

फोटो फिरवणारा माणूस गुरुजींचा व्याही आहे, हे कळायला वेळ लागला नाही.

पुंडलिकभाऊ त्या मुलीच्या घरी गेले. फिल्मची पट्टी बरोबर नेली. कात्री मागून घेतली आणि मुलीच्या बापासमोर तेवढा तुकडा कापून त्याचे बारीक तुकडे केले. बाप बघत होता.

"आता कापून काय, भाऊ?" तो म्हणाला. "लोकांच्या डोळ्यातनं कापता येतो का?"

मुलीचं लग्न पुढच्या वर्षी दुसरीकडे झालं. ती सुखात आहे, असं मी नंतर ऐकलं. गुरुजींनी मात्र त्यानंतर कुणाच्याही सोयरिकीत मध्यस्थी केली नाही.

कात्रीच्या प्रसंगानंतर सुमन आणि तिचे वडील यांच्यात ओट्यावर जे बोलणं झालं, ते मला तिनं पुढे सांगितलं. पुंडलिकभाऊंनी त्यातलं एकही वाक्य नाकारलं नाही.

"बाबा, इथल्या बाजाराला आता येऊ नका."

"अन् तुझ्याकडे?"

"घरी या ना. कोण नाही म्हणतं? ते गळ्यातलं ठेवून या."

"गुरुजी बोलले?"

"बोलले असते तर बरं झालं असतं. जेवतात, पेपर वाचतात. भाजी पाहिजे असली तर ह्यांना सांगतात, तिला सांग म्हणून. मी समोरच उभी असते."

पुंडलिकभाऊ म्हणाले, "बरं." पाणी पिऊन ते उठले.

पुढच्या उन्हाळ्यात ते एकदा गेले, कॅमेरा जळगावला ठेवून. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, बदल्या आणि पाणीटंचाई यांबद्दल बोलले. अपमान कुणी केला नाही. दुपारच्या गाडीनं ते परत आले. त्या मुक्कामाबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले, टपरीवर, सूर्याकडे पाठ करून.

"गाडीत बसल्यापासून हात कुठे ठेवावा कळेना. तिथं नातू उंबऱ्यात बसून आंबा खाऊ राहिला होता. रस कोपरापर्यंत. दारातनं ऊन बरोबर त्याच्या गालावर. मी नुसता बघत बसलो." थोडा वेळ त्यांनी कपातला चहा फिरवला. "माझ्यानं नुसतं बघवत नाही हो."

नंतर ते भडगावला गेले नाहीत, ना बाजाराला, ना घरी. सुमन वर्षातून एकदा जळगावला येई, सकाळच्या गाडीनं. स्वयंपाक करून ठेवी, भांडी घासून पालथी घाली आणि दुपारी परत जाई. पोराला तिनं आणलं तर आणलं, नाहीतर शाळा असे. पुंडलिकभाऊ तिला स्थानकावर पोचवत. गाडी निघून गेल्यावर तिथेच बाकावर बसत. कोर्टाच्या रस्त्यावरचे ओळखीचे कुणी भेटले तर त्यांना सांगत, "पोरगी आली होती," आणि पुढचं काही सांगत नसत.

त्या काळात त्यांचे फोटो बदलले. ते एकाएकी बदलले नसावेत. मी मात्र ते एकदम पाहिले. जळगावातल्या त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा त्यांनी दोरीवर वाळत घातलेले फोटो दिसले. सगळे बाजाराचे. एकातही चेहरा नव्हता. घामानं पाठीला चिकटलेला सदरा. वजनकाट्यावर वाकलेल्या बाईचा अंबाडा. ओझं उचलताना ताठ झालेली मानेची शीर. दोन म्हातारे शेजारी शेजारी, मागून, एकाचं धोतर नवं आणि एकाचं विटलेलं. बाजार उठल्यावरचं मैदान, कांद्याची सालं, आणि लांब एक बाई पाठमोरी जात असलेली.

"तोंडं?" मी विचारलं.

"पाठ दाखवून कुणाचं लग्न मोडत नाही," ते म्हणाले. हे चेष्टेत नव्हतं.

त्यांच्या रिवाजाचं मात्र अवघड झालं. पाठीवरून माणूस शोधायचा कसा? आणि फोटो लोकांना दाखवत फिरणं तर त्यांनी भडगावपासून बंद केलं होतं. न दिलेले फोटो साठत गेले. लोखंडी ट्रंक भरली, मग पलंगाखालची जागा. कोर्टासमोरही गर्दी ओसरली होती. रंगीत फोटो तासाभरात देणारं दुकान चौकात झालं होतं आणि फाटका कोट घालायला कुणी तयार नव्हतं. ते तरी बसत. दिवसभरात कुणी आलं नाही तर पेटीच्या काचेवर समोरचा रस्ता उलटा बघत बसत. काळं कापड डोक्यावर घेतलेला माणूस आत काय करतो, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजत नसे. एका वकिलानं मला विचारलं होतं, "ते झोपतात का हो आत?"

१९९६ च्या हिवाळ्यात मी बाजार समितीच्या बातमीसाठी पारोळ्याला गेलो होतो. बाजाराच्या कडेला, दोन हातगाड्यांच्या मध्ये, एक सुतळी बांधलेली दिसली. तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावलेले. शेजारी पुंडलिकभाऊ उभे, सूर्य पाठीशी. कुणाला बोलावत नव्हते. पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: "ज्याचा त्यानं न्यावा."

आधी लोक लांबून बघत होते. मग एक पोरगी पुढे झाली, मग तिची आई. थोड्या वेळानं सुतळीपाशी दाटी झाली.

"बठ्ठासन्या पाठीच काढ्यात का, आबा? तोंडे कोठे गयात?" सगळ्यांच्याच पाठी बघून एकानं विचारलं.

"तोंड तुमच्याकडेच शे. पाठ तुम्हाला दिसत नाही, म्हणून ती काढली."

"हाऊ ते आमना भिला शे," एक बाई म्हणाली. "हाई ठिगळ मीच लायेल शे."

"तुनाच भिला का? ठिगळ ते बठ्ठासले शेतस." दुसरी म्हणाली.

"मना टाका मी वयखत नही का?"

भिलाला हाक मारून आणलं. त्याला फोटोशेजारी पाठ करून उभं केलं, पायजमा जुळवला. जुळला. लोक हसले. भिलानं फोटो घेतला आणि खिशात घालावा की हातात धरावा या विचारात पडला. मग ते सगळ्यांनी सुरू केलं. नवऱ्याला मानेवरून, सासूला अंबाड्यावरून, शेजाऱ्याला चालीवरून. एका म्हाताऱ्यानं धोतरवाल्या दोघांच्या फोटोसमोर उभं राहून फक्त विटलेल्या धोतराकडे बोट दाखवलं आणि तो तिथेच थांबला. दुसरा, नव्या धोतराचा, वारला होता, असं शेजारच्यानं सांगितलं. म्हाताऱ्याला तो फोटो पुंडलिकभाऊंनी स्वतः चिमटा काढून दिला.

दुपार कलली तेव्हा सुतळीवर थोडेच फोटो उरले होते. त्या वेळी सुमन आली. तिची नणंद पारोळ्याला दिली होती. तिच्याकडे ती आली होती. बाजारात कुणीतरी सांगितलं, तुझे वडील आलेत. ती माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली. मला तिनं मान हलवून जयभीम केला. मग सुतळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक फोटो पाहत गेली.

"माझा कुठंय?"

"तुझा नाही काढला."

"का?"

"तूच सांगितलं होतं."

"मी बाजाराला येऊ नका म्हटलं होतं, बाबा. माझा फोटो काढू नका असं कधी म्हटलं?"

पुंडलिकभाऊंनी एक रिकामा चिमटा सुतळीवरून काढला आणि पुन्हा तिथेच लावला. मग कॅमेरा हातात घेतला. "बरं," ते म्हणाले. "जरा तिकडे तोंड कर. गाड्याकडे."

"पाठ कशाला?" सुमन म्हणाली. "पाठ तर माझी दर वेळी बघता, गाडीत चढताना. तोंड काढा."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. खाली घेतला. भिंग धोतराच्या सोग्यानं पुसलं. पुन्हा लावला. सुमन हलली नाही. पदर सारखा केला नाही, हसलीही नाही.

"इकडे सरक थोडी," ते कॅमेऱ्यामागून म्हणाले. "अर्धं तोंड उन्हात शे."

ती सरकली. कॅमेऱ्याचा आवाज झाला. एकदाच.

"आणून द्या," ती म्हणाली. "घरी."

"कधी?"

"बाजाराच्या दिवशीच या."

"गुरुजी?"

"गुरुजींचं मी बघते. जेवायला थांबा म्हणजे झालं." ती जायला वळली आणि थांबली. "पण ते—"

"ठेवून येतो," ते म्हणाले.

ती गर्दीतून नणंदेच्या घराकडे गेली. ते ती दिसेनाशी होईपर्यंत त्याच जागी उभे होते. कॅमेरा त्यांनी वर केला नाही. मग उरलेले फोटो सुतळीवरून काढून पिशवीत ठेवले, सुतळी गुंडाळली आणि हातगाडीवाल्याला चिमटे परत केले.

पुढच्या भडगावच्या बाजाराच्या दिवशी सकाळी पुंडलिक बिऱ्हाडे पारोळ्याच्या बसस्थानकावर, गाडी बदलायला, जळगावच्या गाडीतून उतरले. कॅमेऱ्याची पिशवी त्यांनी फाटकाजवळच्या चहावाल्याकडे ठेवायला दिली. हातात फोटोच्या कागदाचं काळं पाकीट होतं. भडगावच्या गाडीत ते खिडकीशी बसले, असं चहावाल्यानं पाहिलं. संध्याकाळी ते भडगावहून आलेल्या गाडीतून एकटेच उतरले, पिशवी घेतली आणि जळगावच्या गाडीत चढले. चहावाल्याला मी पाकिटाबद्दल दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं. परत आले तेव्हा पाकीट हातात नव्हतं.